चित्रकाराच्या दाव्यानुसार

ती तुमच्या खुर्चीमागे येऊन उभी राहायची, एक डोळा मिटायची आणि विचारायची, "हे काय आहे?"

"तलवार," तुम्ही म्हणायचात.

"ही तलवार नाही रे. ही राखाडी पट्टी आहे. हिने काकडीसुद्धा कापली जाणार नाही."

मग न विचारता तुमच्या हातातलं पेन काढून घ्यायची. पात्यावरच्या झगझगीत पांढऱ्याला अगदी खेटून, जवळजवळ काळी अशी एक रेघ ओढायची. त्या एका रेघेने पातं स्क्रीनबाहेर यायचं. "चकाकी हवी ना? मग आधी अंधार घाल," असं बजावून ती पुढच्या खुर्चीकडे जायची, आणि तुम्ही चिडावं की आभार मानावेत हे न कळून तसेच बसून राहायचात.

अंधेरीच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा स्टुडिओ होता. मोबाइलवरच्या खेळांसाठी आम्ही चित्रं काढायचो. माझ्याकडे झाडं, ढग आणि किल्ल्यांचे बुरूज. तिच्याकडे सगळा धातू; आमच्या चित्रात कुठे धातू आला तर तोही तिच्या नजरेखालून जायचा. मुकुट, चिलखतं, घंटा, कुलुपं, पितळी दिवे. संगणकावर झाड काढणं त्यामानाने सोपं असतं, चार पानं इकडेतिकडे झाली तर कोणाला कळत नाही. धातूला स्वतःचं रूप फार थोडं असतं. समोर जे असेल ते तो घेतो, वाकवतो आणि परत देतो. म्हणजे एक लोटा काढायचा तर अख्खी खोली काढावी लागते. हे तिने मला पहिल्याच आठवड्यात चहाच्या चमच्यावर शिकवलं.

"चमच्यात बघ. कोण दिसतंय?"

"मी."

"अजून?"

"ट्यूबलाइट. खिडकी. तू."

"आणि तुझ्या त्या मुकुटात कोण दिसतंय? कोणी नाही! राजा काय रिकाम्या गोदामात बसलाय?"

नवीन मुलं तिला ताई म्हणू लागली तेव्हा तिने तेही बंद पाडलं. "मी कुणाची ताईबिई नाही. आईला मी एकटीच. नावाने हाक मारा."

तुमच्याही कामाच्या जागी असं एखादं माणूस असेल, ज्याला बारीकशी लबाडीसुद्धा अंगावर खाज उठावी तशी सहन होत नाही. बाकीचे म्हणतात, चलता है यार. हे माणूस म्हणतं, का चालतं? आणि मग सगळ्यांचं जेवण लांबतं.

एकदा एक क्लायंट व्हिडिओ कॉलवर सांगत होता की राणीचं सोनं अजून चमकवा, मधोमध पांढरे ठिपके टाका. ती म्हणाली, "सर, सोन्यावर पांढरा ठिपका ठेवला की ते प्लॅस्टिक होतं. सोन्याची चमकसुद्धा सोनेरीच असते."

तो हसला. "अहो, लोकांना काय कळतंय एवढं?"

झालं. आमच्या मालकांनी डोळे मिटून घेतले. "लोकांच्या घरी भांडी आहेत सर," ती म्हणाली. "रोज सकाळी ती हातात घेतात. काय चुकलंय ते त्यांना सांगता येणार नाही, पण चुकलंय एवढं बरोबर कळतं. त्यांना मूर्ख समजू नका." काम गेलं नाही, पण पुढच्या कॉलला तिला बोलावलं नाही.

तिची आई कांजूरमार्गला राहायची, म्हणजे दोघी तिथेच राहायच्या. चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहणार होता आणि सामानाची आवराआवर चालली होती, तेव्हा मी एकदा मदतीला गेलो होतो. स्वयंपाकघरातल्या मांडणीवर भांडी अशी लावलेली की आत शिरताच आपण शेदीडशे वेळा दिसावं. ती लहानपणी भांडी घासायला बसली की तासन्‌तास बसायची म्हणे. आई अजून ते सांगताना वैतागायची. "मी वरडायचंय, गो, तो टोप घासतलंस काय नुसतो बघत ऱ्हवतलंस?"

गॅलरीत तांब्याचा बंब होता. गिझर आल्यापासून कोणी पेटवला नव्हता, तरी आई त्याला चिंच लावून लख्ख ठेवायची. फक्त खालचा भाग धुराने कायमचा काळा झालेला. नव्या घरात त्याला जागा नव्हती. भंगारवाला न्यायला येणार होता. तो येण्याआधी ती बंबासमोर पाट टाकून बसली आणि टॅबलेट मांडीवर घेऊन त्याचे रंग टिपू लागली.

त्या चित्रावर तिने पुढे कित्येक महिने काम केलं, स्टुडिओचं सांभाळून. मी ते वाढताना पाहिलं. तांब्याचा गुलाबी तपकिरी रंग, चिंचेचा हात नीट न पोचलेल्या कडेला आलेली हिरवट छटा, पोचा पडलेल्या जागी अचानक मोडणारा उजेड, आणि खाली प्रकाश गिळून बसलेली काजळी. बंबाच्या पोटात गॅलरीचे गज वाकून दिसायचे, वाळत घातलेली साडी दिसायची, आणि त्यांच्यामध्ये, बोटभर उंचीची, कमरेत वाकलेली आई. ती चटकन दिसायची नाही. एकदा दिसली की मग दुसरं काही दिसायचं नाही.

मुलुंडच्या एका हॉलमध्ये तिथल्या एका कलामंडळाचं प्रदर्शन भरणार होतं. संगणकावरची चित्रंही घेणार होते. तिने कॅनव्हासवर छापून, फ्रेम करून बंब पाठवला. निवड झाली, भिंतीवर लागला. उद्घाटनाच्या दिवशी आम्ही स्टुडिओतले चौघे हौसेने गेलो, तर त्या जागी नुसता खिळा.

मंडळाचे सचिव म्हणून एक गृहस्थ होते, खादीचा कुडता, शांत आवाज. म्हणाले, "परीक्षकांना शंका आली. हे हाताने झालेलं वाटत नाही. हल्ली मशीनला दोन ओळी लिहून दिल्या की असं चित्र येतं."

"मी काढलंय," ती म्हणाली. "पहिल्या रेघेपासून सगळं माझ्याकडे आहे. टॅबलेट आणलाय. पाच मिनिटं बघा."

"आम्हाला त्यातलं काही कळत नाही हो."

"कळत नाही तर काढलंत कशाला?"

"हे बघा, आवाज चढवू नका. इतकं हुबेहूब माणसाच्या हातून होत नाही, एवढंच आमचं म्हणणं आहे."

मला अजूनही ते आठवलं की कानशिलं तापतात. वाईट झालं असतं तर चित्र राहिलं असतं! बाईने आयुष्य घालून नजर कमावली, आणि तीच नजर तिच्याविरुद्धचा पुरावा ठरली. आणि बघायलाही तयार नाहीत. टॅबलेट तिच्या हातात उघडा होता. मान थोडी खाली करायची होती, बस.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत मालक समजुतीच्या सुरात म्हणाले, "जाऊ दे ना. उलट कॉम्प्लिमेंट समज. एवढं परफेक्ट, की मशीनने केल्यासारखं!"

"सर, तुमची मुलगी इतकी सुंदर आहे, की ती तुमची वाटत नाही, असं कोणी म्हणालं तर तुम्ही पेढे वाटाल का?"

मालक केबिनमध्ये गेले.

रविवारी ती मुलुंडला परत गेली. मीही गेलो, कारण ती काय करेल याची मला धास्ती होती. हॉलच्या फाटकाबाहेर, फुटपाथवर तिने घडीचं टेबल मांडलं, टॅबलेट ठेवला, प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसली. फलक नाही, घोषणा नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायची, "तुमच्याकडे धातूचं काही आहे का? द्या जरा. काढून दाखवते."

लोक आधी बिचकले. मग एक आजी थांबल्या. त्यांच्या पिशवीत स्टीलचा डबा होता, मुलीकडे शिरा घेऊन निघालेल्या. "शिऱ्याला हात लावू नको हां," म्हणत त्यांनी डबा टेबलावर ठेवला.

तिने काढायला सुरुवात केली. भोवती गर्दी झाली. आधी नुसते गडद आणि उजळ पट्टे, काहीच कळेना. मग पट्ट्यांतून फाटक आलं, फाटकामागे हॉलची पायरी, पायरीवर हाताची घडी घालून उभे असलेले सचिव. डब्याच्या गोलाईने ते बुटके आणि आडवे झाले होते, कुडत्याचा घेर फाटकाएवढा.

गर्दीत हशा पिकला. सचिव खाली आले, वाकून बघितलं. "हे मी आहे?"

"डब्याला विचारा," ती म्हणाली. "मी त्याच्यात जे दिसलं ते काढलं."

आजींनी डबा उचलला, चित्राशी धरून पाहिला आणि सचिवांना म्हणाल्या, "अहो, तुम्हीच आहात की! झकास काढलंय. आता शिरा गार होतोय माझा, मी निघते."

संध्याकाळपर्यंत तिने किल्ल्या काढल्या, एका बाईची तांब्याची अंगठी काढली, वॉचमनची शिट्टी काढली. सचिव मधूनमधून येऊन पाहून जात होते. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. उद्या तुमचं चित्र लावतो."

ती हसली. तिला मनापासून हसताना मी फार कमी वेळा पाहिलंय.

शेवटच्या दिवशी ती आईला घेऊन आली. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, केसांत अबोलीचा वळेसर. बंब भिंतीवर होता. आई बराच वेळ त्याच्यासमोर उभी राहिली, मग स्वतःला सापडली आणि लाजली. "अगो बाय माझे, माका कित्याक घातलंस हेच्यात?" पण डोळे भरले होते.

मग तिने चित्राखालची चिठ्ठी वाचायला घेतली. चष्मा पुढे मागे करत, एकेक शब्द लावत. 'तांब्याचा बंब. संगणकीय चित्र. चित्रकाराच्या दाव्यानुसार हाताने काढलेले.'

"दावो म्हणजे काय गो?" आईने विचारलं.

मीच म्हटलं, "काकी, म्हणजे... ती सांगते की तिने काढलंय, असं."

"म्हणजे हिणां काढलां ह्यां तेंका खरां वाटणा नाय?"

सचिव लगबगीने आले. "काकू, तसं नाही, ती फक्त खबरदारी म्हणून. कमिटीत काही मतं वेगळी असतात ना."

आईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. लेकीला म्हणाली, "काढ तां. घराक जावया."

आणि तिने चित्र भिंतीवरून उतरवलं. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "अगं, राहू दे ना, संध्याकाळी संपतंच आहे." तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी फ्रेमचं दुसरं टोक धरलं. दरवाज्यापाशी ती वळली आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी दावा केलेला नाही. मी चित्र काढलंय."

रिक्षात फ्रेम मावेना. आई मध्ये बसली आणि तिने ती मांडीवर उभी धरली. रिक्षा वळेपर्यंत मला फक्त फ्रेमची मागची बाजू आणि तिला धरलेले बांगड्यांचे दोन हात दिसत होते.

त्यानंतर काही महिन्यांनी स्टुडिओत नवी पद्धत आली. चित्रं मशीनकडून करून घ्यायची आणि आम्ही फक्त दुरुस्त करायची. झाडं त्याला बरी जमत. धातू चकचकीत यायचा, पण त्यात काहीच्या काही दिसायचं, खिडकी नसलेल्या जागी खिडकी, दोन सूर्य. ते निस्तरायचं काम तिच्याकडे आलं. तिने मालकांसमोर जाऊन सांगितलं, "मशीनची उष्टी भांडी मी घासणार नाही." मालक म्हणाले, मार्केट असंच आहे. ती म्हणाली, असेल. तिने पेन ड्रॉवरमधून काढून पिशवीत टाकलं आणि निघाली. आम्ही खुर्च्यांवर बसून राहिलो. कोणाचे हप्ते होते, कोणाचं लग्न. खरं सांगायचं तर संताप सगळ्यांनाच आला होता, पण त्याला जागायची हिंमत तिच्या एकटीकडे होती.

आता ती हैदराबादला असते. तिथे एका छोट्या ठिकाणी अजून हाताने काढून घेतात. फोन केला की तिथल्या कोणावर तरी चिडलेली असते, आणि ते ऐकून मला बरं वाटतं.

गणपतीत मी कांजूरमार्गच्या नव्या घरी गेलो होतो. तिला सुट्टी मिळाली नव्हती. बाराव्या मजल्यावरचं घर, आई एकटीच. बंब बाहेरच्या खोलीत लावलेला. त्याच वेळी आईचे एक गाववाले आले होते. कोचावर टेकता टेकता त्यांनी चित्राकडे पाहिलं आणि सहज विचारलं, "फोटो काय गो ह्यो? बरो इलोहा."

आई चहाचा ट्रे घेऊन आली होती. तिने तो तसाच टेबलावर आदळला.

"फोटो? माझ्या चेडवान काढलेलां चित्र आसा तां! उठा. हयसर येवा. जवळ येवा अशे."

गाववाले गडबडून उठले.

"माका शोधा तेच्यात," आई म्हणाली. "गावल्याशिवाय चाय देवचंय नाय."