बापाला चिकटवलेला शब्द

फळ्यावर शब्द होता 'कॉन्क्युपिसन्स'. खाली सरांनी इंग्रजीतच अर्थ लिहिला होता, शरीराची तीव्र इच्छा. मग खडू हातातल्या हातात उडवत ते वर्गावर नजर फिरवू लागले. आज हा शब्द कोणाला चिकटणार, याची सगळे वाट बघत होते. खडूचं टोक माझ्यावर येऊन थांबलं.

राजापेठेत कपड्याच्या दुकानाच्या वर आमचा क्लास. स्पर्धा परीक्षेच्या इंग्रजीसाठी सरांचं नाव होतं. त्यांची एक पद्धत होती. शब्द माणसाला चिकटवला की विसरत नाही, असं ते म्हणायचे. रोज एक अवघड शब्द, रोज वर्गातला एक जण. सर त्याच्यावर इंग्रजीत वाक्य करणार, त्याने उभं राहून तेच वाक्य 'मी, माझं' करून मोठ्याने म्हणायचं आणि मग सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. डॉक्टरांच्या मुलीला 'कष्टाळू'चा इंग्रजी शब्द मिळाला होता. वकिलांच्या मुलाला 'प्रामाणिक'चा. मला आजवर काहीच मिळालं नव्हतं. खोटं कशाला सांगू, मला त्याचं वाईट वाटायचं.

शनिवारी पालकांना मागच्या खुर्च्यांवर बसायची मुभा असे. त्या शनिवारी माझे बाबा आले होते. अकोल्याच्या डाळमिलमध्ये ते हमाली करतात. मला रविवारसाठी घरी न्यायला आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. वर्गात आल्या आल्या सरांनी त्यांना आडनाव विचारलं. मग कुठली वस्ती, मग लेकरं किती. बाबा हात जोडून म्हणाले, "सहा हायेत, सर." सर हसले. "वाटलंच मला. तुमच्या वस्त्यांमध्ये हे असंच." बाबाही हसले. सर बोलतात आपल्याशी, एवढंच त्यांना दिसलं.

आणि आता खडूचं टोक माझ्याकडे होतं. सरांनी वाक्य केलं. मराठीत सांगायचं तर, हिच्या बापाच्या वासनेचं फळ म्हणजे ही सहा भावंडं.

वर्ग हसला. मला अर्थ कळला होता, शब्दन् शब्द. मी उभी राहिले. मागे बाबा पुढे सरकून बसले होते, पोरगी काय बोलते ते ऐकायला. नाही म्हणाले तर बाबांसमोर मला काही येत नाही असं दिसेल, एवढंच डोक्यात आलं. मी 'हिच्या'चं 'माझ्या' केलं. उच्चार न अडखळता केला. माझ्या बापाच्या, असं म्हटलं मी. माझ्या तोंडाने.

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात मागून. बाबा टाळ्या वाजवत होते.

संध्याकाळच्या एसटीत बाबांना खिडकीजवळ जागा मिळाली. बडनेरा सुटलं तशी त्यांनी पुढच्या सीटवरच्या अनोळखी माणसाला गाठलं. "मायी पोरगी आज इंग्रजीत बोलली न भाऊ. साऱ्याईनं टाळ्या वाजवल्या." तो माणूस कौतुकाने वळून माझ्याकडे बघू लागला. जमिनीने पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं.

"बाबा, नका सांगू," मी म्हणाले.

"काहून वं?"

इंग्रजीत जे घडाघडा म्हटलं, ते मराठीत बापासमोर तोंडातून निघेना. वासना हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारत नाही. इंग्रजी होती म्हणून मी बोलून गेले होते, जणू ते दुसऱ्याच कोणाबद्दल होतं. शेवटी मान खाली घालून, हळू आवाजात सांगितलं. "सर म्हणे, तुमाले अंगाची भूक लय, म्हणून आमी सहा झालो."

बाबा खिडकीकडून माझ्याकडे वळले.

"अन् तू म्हणली तसं?"

"हो."

"समजून?"

"हो."

त्यांनी स्वतःच्या तळहातांकडे बघितलं आणि हात मांडीखाली घातले. मूर्तिजापूर गेल्यावर एवढंच म्हणाले, "दोघं त माया भावाचे हायेत. तो गेल्यावर आणले मी घरी. हे सांगाचं होतं न त्याईले."

खरंच होतं ते. रविवारभर मी तेच घोकत होते. सोमवारी सरांना सांगायचं, दोघं काकाचे आहेत, माझ्या बापाची चारच. अंगणात ती दोघं माझ्या धाकट्या बहिणीशी भांडत होती, आणि मला स्वतःची शिसारी आली. कोणासमोर मी ही वजाबाकी करून दाखवणार होते? सहाच्या सहा बाबांची असती, तर सरांचं वाक्य बरोबर ठरलं असतं का? मी डिक्शनरी काढून तो शब्द पुन्हा वाचला. तिथे कोणतीही वस्ती नव्हती. कोणाचं आडनाव नव्हतं. सगळ्या माणसांच्या अंगात असलेली गोष्ट सरांनी आमच्या अंगावर टाकली होती, आणि त्या वाक्याला मी टाळ्या मिळवून दिल्या होत्या.

सोमवारी फळ्यावर नवा शब्द होता. सरांनी खडू उचलायच्या आत मी उभी राहिले.

"सर, शनिवारचं वाक्य मी परत घेते. माझं नव्हतं ते, तुमचं होतं."

"विनोद होता तो. बस खाली."

"मग तुमच्या वडिलांवर करा हे वाक्य. तुम्हीही त्याच इच्छेतून जन्मलात. करा, मी टाळ्या वाजवते."

सरांचा चेहरा लाल झाला. "बाहेर हो," ते म्हणाले. "तुम्हा लोकांना वर घ्यायला गेलं की असं होतं."

मी बॅग उचलली. डॉक्टरांची मुलगी खाली बघत होती. एकही जण माझ्यासोबत उठला नाही.

क्लास सुटला तो सुटलाच. आता परीक्षेचा अभ्यास एकटीने करते आणि अवघड जातो. बाबा पुन्हा त्या दिवसाबद्दल बोलले नाहीत, पण कुठे टाळ्या पडल्या की त्यांचे हात जागचे हलत नाहीत. ते बघितलं की मला आजही लाज वाटते. बापाची नाही. त्या न अडखळलेल्या उच्चाराची.

ती लाज मी पुसणार नाही, मला तिची गरज आहे. उद्या मुलाखतीला बसेन, साहेबांसमोर उभी राहीन, कोणीतरी पुन्हा तयार वाक्य माझ्या हातात देईल आणि म्हणेल, म्हण. मी म्हणणार नाही. नोकरी गेली तरी नाही.

माझ्या माणसांवर वाक्य करायचं असेल तर ते मी करीन.