भाऊंची खुणांची बाटली

मयेकरभाऊ बोलता बोलता कागद कापत. दवाखान्याच्या अरुंद खिडकीमागे उभे, नजर समोरच्या पेशंटवर, तोंडाने त्याच्या गावच्या भातलावणीची चौकशी चाललेली आणि हात कात्रीत. कागदाची लांबट पट्टी दुमडायची, कडेला तिरके छेद द्यायचे, उलगडून खळीने औषधाच्या बाटलीला चिकटवायची. दोन खुणांमधलं औषध म्हणजे एक डोस. हल्लीच्या पोरांना ही पट्टी सांगूनही डोळ्यांसमोर येत नाही. भाऊ कंपाउंडर होते आणि त्यांच्या छेदांत कधी कमीजास्त झालेलं मी पाहिलं नाही.

ऐंशीनंतरच्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. मी कऱ्हाडकडून रत्नागिरीला गणिताचा मास्तर म्हणून आलो होतो आणि भाऊंच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहत होतो. खोकला हटेना म्हणून एकदा दवाखान्यात गेलो. भाऊंनी औषध दिलं, कसं घ्यायचं ते सांगितलं आणि सांगता सांगता स्वतःच असे खोकले, की बाकावरचे चार पेशंट माना वळवून बघायला लागले. मी बाहेर पडलो आणि थोड्या वेळाने सिगरेट ओढायला मागच्या फणसाखाली गेलो, तर तिथे भाऊ आधीच बिडी ओढत उभे. खोकल्याचं औषध देणारा आणि घेणारा, दोघेही एकाच झाडाखाली. त्या दिवसापासून आमची मैत्री जमली ती जमलीच.

भाऊ आमच्या आळीच्या भजनाचे बुवा होते. आवाज पहाडी वगैरे नव्हता, पण गोड होता आणि दम मोठा होता. तो दम हळूहळू तुटायला लागला. गजर चढत्या लयीत आला की भाऊ मधेच थांबत आणि टाळकरी सांभाळून घेत. शेवटी डॉक्टरांनी त्यांची छाती तपासून स्पष्टच सांगितलं, की बिडी सोडली नाही तर आधी भजन जाईल आणि मग श्वास. भाऊंना श्वासापेक्षा भजनाची भीती जास्त वाटली. "मास्तर, देवासमोर तोंड मिटून बसायचं, हे मला जमणार नाही," असं ते मला म्हणाले आणि त्याच दिवशी त्यांनी बिडीचं बंडल घरी बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, चुलीत टाकलं. मला म्हणाले, तुम्हीही सोडा, एकट्याने कंटाळा येतो.

तेव्हा सिगरेट सोडवायची औषधं आमच्या गावात कुठे मिळत नव्हती. भाऊंनी ती आपली आपण तयार केली, तीही वहिनींच्या डब्यांतून. भाजलेला ओवा, बडीशेप आणि सैंधव यांच्या पुड्या बांधल्या, अगदी दवाखान्यातल्यासारख्या, काटकोनात घड्या घालून. आवळ्याचे काप आल्याच्या रसात बुडवून दवाखान्याच्या पत्र्यावर वाळत घातले. बोटांना सवय लागलेली असते म्हणून बोटांत धरायला ज्येष्ठमधाची काडी. "हाताला काम द्यायला हवं. हात रिकामा राहिला की खिशात जातो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सकाळचा चहा बंद करून त्यांनी पेज सुरू केली, कारण चहाला बोलावलं की बिडी मागोमाग येतेच, तिला वेगळं आमंत्रण लागत नाही.

सगळ्यात नामी होती ती बाटली. कोकमाचं आगळ, जिरं, मीठ आणि पाणी. बाटलीला त्यांनी खुणांची पट्टी चिकटवली होती. तलफ आली की घोट घोट करत एका खुणेपर्यंत प्यायचं, घाई करायची नाही. "तलफ म्हणजे दारात आलेला पाहुणा, मास्तर. बसा म्हटलं नाही तर किती वेळ उभा राहील?" मी घड्याळ लावून पाहिलं. खूण संपेपर्यंत खरोखरच तो पाहुणा निम्मा निघून गेलेला असे.

या बाटलीने एकदा घोटाळा केला. खोकल्याचं औषधही लालसरच असायचं. गर्दीच्या दिवशी भाऊंनी स्वतःची बाटली पालीकडच्या एका म्हातारीच्या पिशवीत घातली. चूक ध्यानात आली तेव्हा तिची गाडी गेलेली. चार दिवस भाऊंचा जीव थाऱ्यावर नव्हता. पाचव्या दिवशी म्हातारी रिकामी बाटली घेऊन खिडकीशी हजर. "भाऊ, ह्येच लाल औषद द्या. तेनी बरा वाटला. दुसरा नको." भाऊंनी तिला खरं काय ते सांगितलं, डॉक्टरांनाही जाऊन सांगितलं. डॉक्टर पोट धरून हसले. म्हातारीचा मात्र विश्वास बसला नाही. चांगलं औषध भाऊ घरच्यांसाठी राखून ठेवतात, असं ती गावभर सांगत राहिली.

भाऊंची बिडी सुटली. पुढच्या श्रावणात सप्ताहाला त्यांनी गजर घेतला तो न थांबता. वहिनी दारात उभ्या राहून डोळे पुसत होत्या. माझ्या खिशात तेव्हा सिगरेटचं पाकीट होतं.

कारण मी तीनदा सोडली आणि तीनदा धरली. परीक्षेचे पेपर तपासायला बसलो की माझा सगळा निग्रह विरघळे. भाऊ कधी रागावले नाहीत. नवी पुडी हातात ठेवत, संध्याकाळी मांडवीच्या जेटीपर्यंत चालायला नेत आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लावत. इतकी माया माझ्यावर पुढे फार कमी लोकांनी केली आणि मी ती अगदी सहज, हक्काने वापरली.

माझी परत कऱ्हाडला बदली झाली. दोनेक वर्षांनी वहिनींचं पत्र आलं, की भाऊ इस्पितळात आहेत. तीस वर्षांच्या बिडीने आपलं काम आधीच करून ठेवलं होतं. मी गेलो तेव्हा दुपारची वेळ होती. आत जाण्याआधी मी फाटकाशी एक सिगरेट ओढली, धीर यावा म्हणून. भाऊ उशांना टेकून बसले होते, एकेक शब्द श्वास जमवून बोलत होते. घरचं विचारलं, शाळेचं विचारलं. मग थांबून म्हणाले, "सुटली ना?"

"सुटली, भाऊ," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा असा उजळला, की मला तिथे बसवेना. त्यांनी वहिनींना जवळ बोलावलं आणि म्हणाले, "ऐकलंस? मास्तरांची सुटली." दोन श्वासांनंतर पुन्हा एकदा म्हणाले, जणू वहिनींनी नीट ऐकलं नसावं.

ते गेल्याचं मला कऱ्हाडला कळलं. त्या दुपारी मी जे खोटं बोललो ते खरं करायला मला आणखी पाच महिने लागले. पण झालं. त्यानंतर आजतागायत मी सिगरेटला हात लावलेला नाही. ज्या दिवशी सिगरेट सोडून महिना पुरा झाला, त्या दिवशी मला फार वाटलं, की रत्नागिरीची गाडी पकडावी आणि एका माणसाला सांगून यावं. स्टँडपर्यंत गेलोही होतो.