रांगेची दोन टोकं

फोटोवाल्यांच्या स्टुडिओत येणारी कुटुंबं फोटोत कोण-कोण हे घरूनच ठरवून यायची. कोण कुठे उभं राहणार यावरून मात्र भांडणं इथे येऊन व्हायची. मामा पुढे का, धाकटी सून कोपऱ्यात का, बुटक्यालाच मागे का ढकललं? फोटोवाले सगळं निमूट ऐकून घेत आणि मग स्वतःला हवं तसंच उभं करत. गिऱ्हाइकाच्या रुसण्याला भीक घालायची नाही, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा.

घरच्या रुसण्यापुढे मात्र त्यांची मात्रा चालत नव्हती. वडील गेल्यावर त्यांच्या थोरल्या भावानं आईला आपल्या घरी नेलं, तेही धाकट्याला, म्हणजे फोटोवाल्यांना, न विचारता. फोटोवाले संध्याकाळी तिला भेटायला गेले, तर आई-वडिलांच्या खोलीला कुलूप. त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद, त्याला आता कित्येक वर्षं झाली. थोरल्याची मुलगी तेवढी दोन्ही घरांत बिनदिक्कत ये-जा करायची.

परीक्षा जवळ आली तशी ती पुस्तक घेऊन स्टुडिओत आली. क्रमचय आणि संचय यांतला फरक काही केल्या तिच्या डोक्यात शिरत नव्हता. काकांचं गणित पहिल्यापासून चांगलं.

"दहा जणांतून फोटोत तिघं कोण घ्यायचे, हा संचय," काकांनी सांगितलं. "नावं उलटी घे नाहीतर सुलटी, माणसं तीच. आता त्या तिघांना ओळीत कसं उभं करायचं, हा क्रमचय. जागा बदलली की फोटो बदलला."

तिनं जरा विचार केला. "म्हणजे तीन आणि सहा घेतले, तर संचय एकच. पण छत्तीस वेगळे न् त्रेसष्ट वेगळे." मग हळूच म्हणाली, "तुमचं न् बाबांचं छत्तीसच ना, काका?"

काकांनी तिला पुढचं उदाहरण सोडवायला लावलं.

त्याच सुमारास आई लेकीकडे कायमची राहायला जायचं ठरलं. लेकीचं घर फार लांब, आणि आईचं वय झालेलं. जायच्या आधी सगळ्यांचा एक फोटो हवा, तोही याच स्टुडिओत, असं तिनं सांगून टाकलं. तिला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण असं पुन्हा जमेल याची खात्रीही कुणाला नव्हती.

रविवारी सगळे आले. आई खुर्चीवर, आणि उभे राहायला सात जण: दोघं भाऊ, त्यांच्या बायका, पुतणी, बहीण आणि मेहुणे. वगळायचं कुणालाच नव्हतं, त्यामुळे निवडीचा प्रश्नच मिटला. ओळ मात्र पाच हजार चाळीस प्रकारे लागू शकत होती, आणि फोटोवाल्यांनी ती अशी लावली की थोरला या टोकाला, आपण त्या टोकाला आणि मध्ये बाकीची फौज. थोरल्यानंही मुकाट्यानं आपलं टोक गाठलं. निदान एवढ्यापुरतं दोघांचं एकमत होतं.

पण रांग पडद्यात मावेना. एका भावामागे स्विचबोर्ड येत होता, दुसऱ्यामागे शिडी. फोटोवाल्यांनी दोन रांगा सुचवल्या. आईनं त्या उडवून लावल्या. "माझं कुणी मागे उभं राहायचं नाही. माझ्याभोवती गोल उभे राहा आणि तू माळ्यावरून काढ."

फोटोवाले कॅमेरा घेऊन माळ्यावर चढले. वरून पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की गोलाला टोकं नसतात. रांग आईभोवती वळली तशी तिची दोन्ही टोकं एकमेकांजवळ आली होती, आणि फोटोवाल्यांनी स्वतःसाठी राखलेली मोकळी जागा थोरल्याला अगदी खेटून होती. वरून हुकूम सोडला असता तर बहीण तिथे सरकली असती. हुकूम सोडण्यातच तर त्यांचा जन्म गेला होता. पण खाली आई मान वर करून त्यांच्याकडे बघत होती. तिची मान दुखत असणार. फोटोवाल्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी कॅमेऱ्याचा टायमर लावला आणि ते जिन्याकडे धावले.

"हळू रे," खालून थोरला म्हणाला. "जिना उभा आहे. पडशील."

फोटोवाले त्याच्याशेजारी येऊन उभे राहिले. त्याच्याकडे वळून म्हणाले, "पडत नाही, दादा."

तेवढ्यात वर कॅमेरा वाजला.

फोटोत सगळे वर बघतायत, आणि दोघं भाऊ तेवढे एकमेकांकडे. त्यात एकाचं तोंड उघडं. धंद्याच्या हिशेबानं फोटो वाया गेला होता, म्हणून फोटोवाले दुसरा काढायला पुन्हा माळ्याकडे निघाले. आईनं त्यांचा हात धरून ठेवला.

"राहू दे," ती म्हणाली. "मला हाच न्यायचाय."