लाजरसकाकांची माफीची फेरी

भिंगारचे लाजरस घाटविसावे लष्करी वर्कशॉपात फिटर होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण आवाज अजून मशीनच्या वरचाच. महिनाभर भांडायचे. मात्र महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर वाटून खायची, आणि शेजाऱ्याशी वैर ठेवून त्या भाकरीला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. म्हणून आदल्या शनिवारी लुनावरून माफी मागत फिरायचं. चाळीस वर्षांत ही फेरी चुकली नाही. भांडणंही चुकली नाहीत, हे सांगायला नकोच.

एप्रिलात लुना बंद पडली. काकांनी शेजारच्या अश्विनीला हाक मारली, "पोरी, स्कूटी काढ."

अश्विनी कुरकुरत निघाली. नाताळात तिच्या थोरल्या जावेनं, केडगावच्या सुहासिनीनं, सगळ्या महिला मंडळासमोर तिच्या करंज्यांना वहाणेचे तळ म्हटलं होतं. तेव्हापासून अबोला. प्रभुभोजनाच्या वेळी अश्विनी मागच्या बाकावर बसून राहायची. आपली लायकीच नाही, आता चर्चलाच जाऊ नये, इथवर तिचं मन आलं होतं.

आधी रशीदभाईंचं गॅरेज.

"या काका! चहा सांगितलाय. या महिन्यात मी काय केलं होतं?"

"तू नाही रे, मी. तुला चोर म्हणालो. प्लग माझ्याच खिशात निघाला."

"माफ केलं. बिस्किट घ्या."

मग छगनची पिठाची गिरणी.

"छगन, चारचौघांत तुला वाट्टेल ते बोललो, चुकलं माझं. पण बाजरीवर माझा गहू दळलास, हे खरंय!"

"न्हाई दळला!"

"दळलास! चपात्या काळ्या झाल्या!"

"मग काकूला इचारा, तवा कवा घासला हुता!"

झालं! काका तणतणत स्कूटीवर येऊन बसले. कोपऱ्यावर म्हणाले, "वळव."

दुसऱ्या खेपेला 'चुकलं'पर्यंत ठीक गेलं, मग त्यांना चाळणीला चिकटलेलं बाजरीचं पीठ दिसलं. पुन्हा कोपरा, पुन्हा "वळव." तिसऱ्यांदा मात्र त्यांनी "चुकलं माझं" म्हणून ओठ असे घट्ट मिटले की छगनलाच हसू फुटलं.

"केलं माफ. जावा आता काका, गिऱ्हाईक खोळंबलंय. पुढल्या महिन्यात भेटूच!"

वाटेत अश्विनीला राहवेना. "काका, मंगळवारपर्यंत परत भांडणारच तुम्ही. लाज नाही वाटत?"

"वाटते की. म्हणून तर फिरतो. ते जेवण गुणी माणसांसाठी असतं, तर मला कुणी बोलावलं असतं? पेत्राची जीभ तरी कुठं ताब्यात होती? आणि तो तर येशूचा शिष्य, पहिल्या प्रभुभोजनाला बसलेला!"

घराकडे वळायचं सोडून अश्विनीनं स्कूटी पुणे रस्त्याला घातली.

"कुठं?"

"केडगावला. आणि तुम्ही बाहेरच थांबायचं. तोंड बंद ठेवून!"

सुहासिनीनं दार अर्धंच उघडलं.

"ताई, चार महिने बोलले नाही. चुकलं माझं," अश्विनी एका दमात म्हणाली. आणि मग जीभ वळवळलीच. "पण करंज्या तशा..."

मागून स्कूटीचा हॉर्न जो वाजायला लागला तो थांबेचना. अश्विनीनं ओठ घट्ट मिटले.

सुहासिनीनं दार सताड उघडलं. "ये आत. आणि त्या म्हाताऱ्यालाही बोलाव, उन्हात काय तमाशा लावलाय!"