पिवळ्या बल्बवरची मिरची

जानेवारीतल्या एका सकाळी ताईचा फोन आला. “मंदा, लवकर ये वं. तुये भाऊजी उठूनच नाही राहिले.” मी उलटा स्वेटर घालून तशीच निघाले. पोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. अंगण माणसांनी भरलं होतं आणि मागच्या खोलीत भाऊजींच्या पेटीतला बल्ब जळत होता...

देवरावभाऊजी हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात, हे बियांच्या मागे लागले. नागपूरच्या थंडीत मिरचीचं बी नुसतं पडून राहतं, उगवायचं नाव घेत नाही. म्हणून त्यांनी आंब्याच्या लाकडी पेटीत चाळीसचा पिवळा बल्ब बसवला, वर पत्रा, पत्र्यावर बोटभर ओली रेती आणि रेतीवर मातीचा ट्रे. खालून ऊब मिळाली की बी आठ-दहा दिवसांत डोकं वर काढायचं. थर्मामीटर वगैरे काही नाही. मातीला पालथा हात लावायचे. तान्ह्या बाळाच्या अंगाइतकी ऊब लागली की स्वारी खूश. ताई मात्र वैतागायची. “पाहुण्याले बसाले जागा नाही, अन् मिरचीले खोली!”

त्यांचा या मिरचीवर एवढा जीव का, ते मला उशिरा कळलं. सावनेरकडचं त्यांच्या आईचं शेत कोळशाच्या खाणीत गेलं होतं. त्या शेतातली आखूड, जाड सालीची मिरची पुढे त्यांना कुठेच सापडली नाही. औषधाच्या एका बाटलीत बी उरलं होतं, तेवढंच.

आणि त्यातलं अर्धं मी घालवलं. गेल्या हिवाळ्यात ते दोघं पेटी माझ्यावर सोपवून लग्नाला गेले. दिवसभर जळणारा तो बल्ब पाहून माझ्यातली काटकसरी बाई जागी झाली. मी एलईडी लावला आणि वीज वाचवली म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतली. ते परतले तेव्हा माती गारठलेली आणि बी कुजलेलं. मी रडायच्या बेतात होते. भाऊजींनी मातीला पालथा हात लावून पाहिला आणि म्हणाले, “अवं बाई, बियाले काय पेपर वाचाचा होता? त्याले उजेड कायले? ऊब पाहिजे.” पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही. मला मात्र ते वर्षभर टोचत राहिलं.

यंदा त्यांनी उरलेलं सगळं बी पेरलं. ते जुनं होत चाललं होतं, आणखी थांबण्यात अर्थ नव्हता. आणि पेरणीनंतर चौथ्याच दिवशी ते गेले.

दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत गेले तर अंधार. कुणा पाहुण्याने मोबाइल चार्ज करायला पेटीची पिन काढलेली. रेती थंडगार. किती वेळ तशी होती, कुणास ठाऊक. मी बल्ब पुन्हा लावला आणि तिथेच खाली बसून मोकळेपणाने रडले. मग ताईकडेच राहिले. ती धड जेवत नव्हती, कुणाशी बोलत नव्हती. मी सकाळ-संध्याकाळ मातीला पालथा हात लावून पाहत होते. तेरवी झाली, पाहुणे पांगले. माती होती तशीच होती. मी मनातून आशा सोडली होती.

दोन दिवसांनी ताईनेच हाक मारली. “मंदे, इकडं ये वं!” ती पेटीवर वाकली होती. मातीतून सात कोंब वर आले होते, माना अजून सरळ व्हायच्या होत्या. मी बघतच बसले. “पाहून काय राहिली? उचल, खिडकीत ठेव. उगवल्यावर गरमीवर ठेवलं त लंबूटांग होते, हे सांगत नव्हते काय?” एवढी वर्षं कटकट करता करता तिने भाऊजींचं सगळं ऐकून ठेवलं होतं तर!

आता ती रोपं गच्चीवर कुंड्यांत आहेत. बियासाठी राखलेल्या झाडाला आमच्याकडे चिंधी बांधतात, म्हणजे त्याची फळं कुणी तोडत नाही. परवा ताईने भाऊजींच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याची एक पट्टी फाडली आणि सगळ्यांत जोमदार रोपाच्या काडीला बांधली.

“ताई, अजून फूलही नाही वं आलं त्याले.”

“येईन ना,” गाठ घट्ट करत ती म्हणाली. “याच्या मिरच्या कोणी तोडाच्या नाही. पुढच्या सालीही पेटी लावाची आहे मले.”