काचेच्या तारेला झेंडूचा हार

खंडेनवमीला मी केबलला झेंडूचा हार बांधला आणि कचेरीतल्या अकराही टेबलांवरचे स्क्रीन काळे केले. पूर्वी प्रत्येकाच्या टेबलाखाली आपापला संगणक असायचा. त्याला हळदकुंकू लावायचं, रुसला तर टपली मारायची. यंदा ते सगळे उचलून नेले. आता सगळ्यांचं काम तळमजल्यावरच्या कुलूपबंद खोलीतला एकच मोठा संगणक करतो, आणि आमच्या मजल्यावर येते ती फक्त दोऱ्याएवढी पिवळी केबल. मग पूजा करायची कशाची? त्याच संतापात मी केबल दुमडून हार करकचून आवळला. आत काच असते, हे मला कोण सांगणार? म्हणजे, सांगितलं होतं. दोनदा.

दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, "आता दसऱ्यानंतरच."

समोर सुमनबाई सकाळपासून बसल्या होत्या. मुलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला त्यांना आज संध्याकाळपर्यंत कॉलेजात द्यायचा होता. आणि मी त्यांच्यादेखत त्या खोलीला शिव्या घालत होतो. अकरा जणांचं काम एका दोऱ्यावर टांगणाऱ्यांचा मला राग येतो, अजूनही येतो. पण त्या पोरीचं वर्षही त्याच दोऱ्यावर टांगलेलं होतं, आणि तो तोडला मी.

सुमनबाई उठल्या, पिशवी उचलली.

"साहेब, आज वापरातल्या हत्यारांनाच हार घालतात ना? मग बरोबर आहे, तुमच्या डोक्याला कुणी घातला नाही."