डावीकडचं बटण

नोरीन हॅलडेमनला भावाचा हेवा वाटायचा, आणि तोही थोडाथोडका नाही. पेनसिल्वेनियाच्या डोंगरात तीस वर्षं शाळेची बस चालवणारी ही बाई. बर्फात घसरलेली बस तिनं एकटीनं सावरली होती. पण क्लेटनच्या खांद्यावर बापाची बंदूक दिसली की तिच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

बंदूक जुनी, दांडा मागं ओढून काडतूस भरायची. बाकीच्या बंदुकांची रिकामी काडतुसं उजवीकडून उडतात. नोरीन डावखुरी, त्यामुळं ती नेमकी तिच्या नाकासमोरून जात. या बंदुकीचं काडतूस मात्र सरळ खाली पायाशी पडायचं. "ही तुझ्यासारख्यांसाठीच केलीय बघ," बाप म्हणायचा. तो स्वतः उजवा. ग्राउस पक्ष्यांमागं पोरीला घेऊन तोच हिंडला. क्लेटनला तेव्हा मोटारसायकलीपुढं काही सुचत नव्हतं.

शेवटच्या हिवाळ्यात, खोकून बेजार झालेला असतानाही, म्हातारा स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती बंदूक खोलून बसला होता. नोरीन सूप घेऊन आली तर खेकसला, "बघतेस काय? तेल घालतोय. पाय पूस आधी!" महिन्याभरात तो गेला. दफनानंतर चर्चच्या बायकांनी आणलेल्या हॅमची भांडी नोरीन घासत होती, तेवढ्यात क्लेटननं कपाटातून बंदूक काढून गाडीत ठेवलीसुद्धा. बापाची बंदूक मुलाकडं जाते, त्यात विचारायचं काय? कोणी विचारलं नाही. तिनंही तोंड उघडलं नाही. मात्र त्या दिवसापासून त्या बंदुकीला बोट लावायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं.

चार वर्षं जळली बाई. एकच समाधान होतं, क्लेटनला नेम जमत नव्हता. पक्षी उडाला की हा दस्त्यापाशी चाचपडत राही.

"उडाला! आता पत्र पाठव त्याला," ती म्हणायची. तो कान लाल करून पुढं चालू लागायचा.

यंदा त्याच जुन्या घडणीची बंदूक कारखान्यात नव्यानं बनायला लागल्याचं कळलं, तेव्हा नोरीननं नव्या मोटारीचा विचार सोडला आणि गावातलं हॉवर्डचं बंदुकांचं दुकान गाठलं.

"सेफ्टीचं बटण कुठल्या हाताचं हवं?" हॉवर्डनं विचारलं. ते दाबल्याशिवाय गोळी सुटत नाही. "उजव्या माणसाला उजवीकडून दाबायला सोपं, तुला डावीकडून. बसवतानाच फिरवून देतात."

"असं असतं होय? जन्मभर मी बोट वाकडं करत आले की रे!"

शिकारीच्या मोसमाच्या पहिल्या दिवशी दोघं नारिंगी जाकिटं घालून सफरचंदाच्या ओसाड बागेत शिरली. नवी बंदूक काळीभोर चमकत होती. तरी नोरीनची नजर जुनीच्या दांड्यावर जात होती, जिथं बापाच्या तळव्यानं लाकूड गुळगुळीत झालं होतं. तिथं आता क्लेटनचा हात! नवी घेऊनही पोटातली आग विझली नव्हती.

झुडपातून ग्राउस फडफडत उठला. क्लेटन चाचपडला. नोरीननं पक्षी पाडला.

"बघू गं तुझी," तो म्हणाला. रिवाजाप्रमाणं दोघांनी बंदुका रिकाम्या केल्या, आणि नवी त्याच्या हातात देताना जुनी तिला धरावी लागली. चार वर्षांत पहिल्यांदा. सवयीनं तिचं बोट बटणावर गेलं. वाकडं करावं लागलं नाही. डावीकडून, टक्कन दबलं.

तिनं पुन्हा दाबून पाहिलं. टेबलावरची खोललेली बंदूक तिच्या डोळ्यांपुढं आली.

"क्लेटन, हे कधीपासून असं आहे?"

"मी आणली तेव्हापासून," तो झाडाकडं बघत म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं, नोरी. मूर्ख नाहीये मी."

"मग फिरवून का नाही घेतलंस?"

"दोनदा हॉवर्डच्या दारापर्यंत गेलो. म्हाताऱ्यानं मरता मरता तुझ्यासाठी केलेलं मी कसं मोडू? आणि तुला द्यायलाही जीव होईना. माझ्यासाठी त्यानं कधी साधी सायकलची साखळीसुद्धा बसवली नाही. जळत होतो मी, झालं? दर वेळी बोट चुकायचं आणि आठवायचं, ही तुझी."

नोरीनला त्याला चांगलं फैलावर घ्यायचं होतं. चार वर्षांच्या शिव्या तयार होत्या. पण ज्याच्यावर जळली, तो तिच्यावरच जळत होता.

"नवी ठेव तू," ती कशीबशी म्हणाली.

"पण हिचं बटणही डावंच आहे!"

"मग शिक. नाहीतर आता तरी हॉवर्डकडं जा."

जुनीत काडतुसं भरून ती पुढं निघाली, म्हणजे त्याला तोंड दिसायला नको. वीस पावलांवर ग्राउस उठला, अगदी समोर. बटण बोटाखाली सहज सरकलं, पण डोळ्यांत पाणी, तिला दिसतंय काय! गोळी सुटली, रिकामं काडतूस पायाशी पडलं आणि पक्षी झाडांवरून निघून गेला.

"उडाला!" मागून क्लेटन ओरडला. "पाठव पत्र!"